तारेचं नाव

त्या रविवारी आप्पा गडगा रचत होते. परसातला गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, पावसाळ्यात एका बाजूने ढासळला होता, आणि शेजारच्या बाबल्याची गुरं त्या खिंडारातून आत येऊन पावट्याचे वेल खात होती. दिवाळीपासून आई रोज एकदा त्याची आठवण करून द्यायची. आप्पांना तोवर सवड नव्हती. कामावर बर्फाच्या खिडकीवर बसवल्यापासून त्यांची रविवारची पाळी सुटली होती, त्यामुळे आता सवडच होती.

मी कोल्हापूरला एका सूतगिरणीच्या संगणक विभागात प्रोग्रॅमर आहे. महिन्यातून एखादा रविवार घरी मिळतो. पालीला बस सोडून वाडीपर्यंत चालत यायचं, एक दिवस राहायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत.

मी दगड उचलून देत होते, ते बसवत होते. जांभ्याचा दगड हातात आला की ते तो फिरवून फिरवून बघत, त्याची बसकी बाजू शोधत, मगच ठेवत. ठेवल्यावर तळहाताने दाबत. जरा डुगडुगला की काढत आणि पुन्हा फिरवत. आमचा गडगा वाडीतल्या इतर कुठल्याही गडग्यापेक्षा हळू वर जात होता.

एक रांग पुरी झाली. मग दगडाकडेच बघत म्हणाले, "बाय, एक विचारू?"

"विचारा की."

"त्या मशीनला कसं कळलं, की तो मीच?"

हा प्रश्न ते कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. महिनाभर त्यांनी तो धरून ठेवला होता.

आप्पा, म्हणजे गंगाराम भिवा सकपाळ, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मच्छीमार संघाच्या शीतगृहात कारकून होते. कुठल्या बोटीची मासळी कुठल्या खोलीत गेली आणि कधी बाहेर निघाली, याच्या नोंदी ठेवणं हे त्यांचं काम. पूर्वी ते हाताने चालायचं. मग संघाने संगणक घेतला. मुख्य यंत्र काचेच्या केबिनमध्ये, आणि त्याला लांब तारांनी जोडलेली टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, बाहेर कारकुनांच्या टेबलांवर. सगळे कारकून यंत्रात एकाच नावाने शिरत, संघाच्या. दर माणसाचं वेगळं नाव आणि वेगळा परवलीचा शब्द कोण लक्षात ठेवणार, म्हणून मॅनेजर विचारे साहेबांनीच तसं करून घेतलं होतं. पुढे एकाची नोंद दुसऱ्याने पुसली, त्यावरून भांडणं झाली. तेव्हा प्रोग्रॅम करून देणाऱ्या मुंबईच्या माणसाने त्यात एक ओळ वाढवून दिली. त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीपुढे, ती ज्या टर्मिनलवरून झाली त्याचं नाव छापून यायला लागलं. भिंतीवर कागद लागला: टीटीवाय तीन, सकपाळ. टीटीवाय पाच, महिपत. आणि असेच बाकीचे.

दिवाळी झाली आणि एके दिवशी दोन नंबरच्या खोलीपुढे कोणीतरी 'रिकामी' अशी नोंद केली. रिकामी होती तीन नंबरची खोली. यंत्रघरातल्या माणसाने छापील कागद बघून दोन नंबरचं गारठवणं बंद केलं. आत कोळंबी भरलेली होती. दार उघडलं तेव्हा वासाने माणसं मागे सरली म्हणतात. मग कागद काढले. त्या नोंदीपुढे टीटीवाय तीन होतं.

संचालकांच्या बैठकीत आप्पांना उभं केलं. त्यांनी सांगितलं, "मला आठवत नाही. पण मशीन म्हणतंय तर माझ्याच हातून झालं असेल." हात जोडले. त्यांना टेबलावरून उठवलं आणि फाटकाजवळ बर्फाच्या खिडकीत बसवलं, कोळ्यांना बर्फाची कुपनं फाडून द्यायला.

मला हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, मागच्या खेपेला, स्टँडवर. आईला सांगू नकोस म्हणाले होते. आईला त्यांनी सांगितलं होतं की पडद्याकडे बघून डोळे दुखतात म्हणून खिडकी मागून घेतली.

पण घरात फरक दिसत होता. दाराला कडी लावून पायरी उतरले की ते परत चढत आणि कडी हलवून बघत. चुलीवरचं दूध उतरवलं का हे आईला पुन्हा पुन्हा विचारत. एवढं आयुष्य ज्या हातावर काढलं, त्या हाताचा त्यांना भरवसा वाटेनासा झाला होता.

"मशीनला तुम्ही कळला नाहीत, आप्पा," मी म्हणाले. "त्याला तुमचं नावही ठाऊक नाही."

"मग?"

"आपण टर्मिनलवर बसलो की प्रोग्रॅम सुरू होतो. तो कुठून सुरू झालाय हे त्याचं त्याला माहीत नसतं. त्याच्याकडे एक नंबर असतो फक्त. तो नंबर घेऊन तो उपकरणांच्या यादीत जातो. म्हणजे समजा, एक वाडी आहे. तिथे दारोदार फिरतो, प्रत्येक दाराचा नंबर आपल्या नंबराशी जुळवतो. जुळला की त्या दारावरचं नाव वाचतो आणि परत येऊन सांगतो."

"पोस्टमनसारखा."

"पोस्टमन माणूस ओळखतो. हा दार ओळखतो. आत कोण राहतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही."

आप्पांनी दगड ठेवला, दाबून बघितला. "मग जुनीच पद्धत आहे," ते म्हणाले. "कुठल्या वाडीतला एवढं कळलं की झालं. पुढे माणसाला काय विचारायचं?"

ते असं क्वचित बोलत. बोलले तरी हसून बोलत. मीही हसले.

"आणि दार म्हणजे माझं टेबल?"

"टेबल नाही. तुमची तार केबिनमधल्या यंत्राला ज्या भोकात जाते, ते दार. टेबल यंत्राला दिसत नाही."

यावर त्यांनी विचार केला. हातातला दगड फिरायचा थांबला. "तारा तर तशाच आहेत," ते म्हणाले. "मुंबईवाल्याने पहिल्या दिवशी लावून दिल्या त्या. साहेब चपला काढल्याशिवाय त्या केबिनमध्ये पाय ठेवू देत नाहीत कोणाला. तारांना कोण हात लावतोय?"

"बघायला पाहिजे."

"तुला काय वाटतं, बाय? माझ्याच हातून झालं असेल?"

आता लिहिताना हा प्रश्न मला फार मोठा दिसतो. तेव्हा तो दोन दगडांच्या मध्ये आला होता. माझ्या हातात दगड होता, आणि डोक्यात तारा. मी म्हणाले, "बघितल्याशिवाय कसं सांगू? पुढच्या खेपेला एक दिवस जास्त रजा टाकते आणि तुमच्याबरोबर येते. विचारे साहेबांना विचारून ठेवा."

त्यांनी मान हलवली. "बरोबर," म्हणाले. "बघूनच बोलावं."

हे त्यांचंच शिकवणं होतं. लहानपणी मी पेटाऱ्यात तांदूळ किती उरलेत हे अंदाजाने सांगितलं की ते मला उठवून पेटाऱ्यात हात घालून यायला लावत. बघितलंस का, एवढंच विचारत. मी शिकले, कॉलेजात गेले, वाचत सुटले, संगणकावर आले, ते सगळं त्या एका प्रश्नाच्या जोरावर. त्या रविवारी मी त्यांना त्यांचाच प्रश्न परत दिला आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आई मागच्या दारात आली. "बापलेक मिळून दगडांना शाळा शिकवताव काय? चहा निवला."

"येतो गो," आप्पा म्हणाले. "शेवटची रांग."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं पालीच्या स्टँडवर उभे होतो. त्यांची गाडी रत्नागिरीकडे, माझी घाटाकडे. माझी आधी आली. खिडकीतून त्यांनी माझी पिशवी आत दिली आणि म्हणाले, "बघून सांग हां."

त्या दिवशी दुपारी ते बर्फाच्या खिडकीमागे स्टुलावर बसले होते आणि त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. रांगेतल्या माणसांना वाटलं, डोळा लागला असेल. एकीने बाहेरून हाकही मारली म्हणे, "अवो, बरफ वितळलं, उठा." थोडा वेळ सगळे हसत होते. गिरणीत मला फोन आला तेव्हा मी कोणाच्या तरी पगाराच्या प्रोग्रॅममधली चूक शोधत होते.

आप्पांच्या जलदान विधीला वाडीच्या विहारापुढे मांडव घातला होता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. रीतीप्रमाणे मग चार माणसं बोलायला उठली. आप्पांनी कोणाच्या मुलाला शाळेत नेऊन घातलं, विहाराचे पत्रे कसे स्वतः चढून लावले, असं साधं साधं.

संघातली माणसं जीपने आली होती. विचारे साहेब, महिपत आणि शिपाई लवू. साहेबांना पुढची खुर्ची दिली. त्यांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले. पांढरा सदरा, आवाज मऊ. माणूस वाईट नाही. आप्पांच्या आजारपणात एकदा त्यांनी जीप पाठवली होती, ते आप्पा कधी विसरले नाहीत.

"सकपाळ म्हणजे मोठ्या मनाचा माणूस," साहेब म्हणाले. "आमच्याकडे मध्यंतरी त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. संघाचं बरंच नुकसान झालं. दुसरा असता तर शंभर कारणं सांगितली असती. पण हा माणूस बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याच हातून झालं. अशी माणसं आता राहिली नाहीत."

मांडवातल्या लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी खरं आहे म्हणालं. मागे बायकांमध्ये आई माझ्याशेजारी बसली होती. तिने माझ्या दंडाला हात लावला.

"कसली चूक गो?" तिने विचारलं. हळू विचारलं, पण माझ्या पुढची बाई वळून बघायला लागली. "बाय, कसली चूक?"

साहेब बोलत राहिले. त्यांना वाटत होतं ते गौरव करताहेत. मी आईला, नंतर सांगते म्हणाले. नंतर सांगितलंही. तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "डोळे दुखतात म्हनून सांगितलान माका." पुढे काहीच नाही. पण वाडी बोलली. बोलली म्हणजे वाईट बोलली नाही, दया केली. गंगारामाच्या हातून कायतरी कोळंबी नासली म्हणे, त्या घोरानंच गेला बिचारा. नळावर, दुकानात, पालीच्या बाजारात. ज्या माणसाने कोणावर आपली दया करायची वेळ येऊ दिली नव्हती, त्याची ती मागे राहिलेली ओळख झाली.

मी रजा वाढवली आणि मिरजोळ्याला गेले.

जायला निमित्त होतं, फंडाचे कागद. साहेबांनी चहा मागवला, बसा म्हणाले. कागदांवर सह्या झाल्यावर मी म्हणाले, "आप्पांच्या टेबलावर थोडा वेळ बसू का? मशीनवर."

त्यांना ते भावनेचं वाटलं. "बसा ना, बसा. तुम्ही तर त्यातल्याच." लवूला हाक मारून त्यांनी टर्मिनलवरचं कव्हर काढायला सांगितलं.

आप्पांच्या जागी अजून कोणाला बसवलं नव्हतं. पडद्याच्या डोक्यावर हळदकुंकवाची बोटं वाळून राहिली होती. आप्पांनी ती पुसली नव्हती. दुसऱ्याची पूजा पुसायची नाही, एवढी समज त्यांना होती. शेजारच्या टेबलावर महिपत. चाळिशीचा, कपाळावर गंध, खिशाला दोन पेनं. "जय भीम, ताई," तो म्हणाला. आप्पांनाही तो तसंच म्हणायचा आणि ते त्याला नमस्कार म्हणायचे. त्यांची वर्षानुवर्षांची थट्टा होती ती.

"नमस्कार, महिपतकाका," मी म्हणाले.

टर्मिनलचं नाव विचारायला एक साधी आज्ञा असते. ती देऊन मोकळं होता आलं असतं. पण ज्या वाटेने आप्पांना धरलं, त्याच वाटेने मला जायचं होतं, म्हणजे कोणी म्हणायला नको की हे दुसरंच काहीतरी आहे. मी मुंबईवाल्याचा प्रोग्रॅम उघडला. ती वाढवलेली ओळ शोधली. हातात असलेला नंबर दे, नाव शोधून आण, एवढाच त्या ओळीचा अर्थ. त्या ओळीभोवती चार ओळी लिहिल्या, त्यातून छोटासा प्रोग्रॅम केला. त्याचं काम एकच: मी कुठल्या दारातून बोलतेय ते सांग.

तो चालवला. पडद्यावर आलं, टीटीवाय पाच.

मी भिंतीवरचा कागद बघितला. टीटीवाय तीन, सकपाळ. पुन्हा चालवला. पाच.

"महिपतकाका, जरा उठता का? तुमच्या टेबलावरून एक बघायचं आहे."

"माझ्या?" तो म्हणाला. पण उठला. मी त्याच्या खुर्चीत बसून तोच प्रोग्रॅम चालवला. टीटीवाय तीन.

मला आनंद झाला नाही. आधी नुसतं गार वाटलं, शीतगृहाच्या खोलीचं दार उघडावं तसं. मी उठले, चपला काढल्या आणि काचेच्या केबिनमध्ये गेले. कोणी अडवलं नाही. यंत्राच्या मागच्या बाजूला तारांचे प्लग एका ओळीत होते. त्यांच्यावर कुंकू होतं. वरून वाहिलेलं नव्हे, बोटांचं. कुंकवाच्या हाताने कोणीतरी प्रत्येक प्लग धरून दाबून बसवला होता, त्याचे तांबडे ठसे.

लवू काचेच्या दारात उभा होता.

"लवूदादा, ह्या तारा कधी काढल्या होत्या?"

"दसऱ्याला काडल्या ना, ताय," तो सहज म्हणाला. "पूजेला समदी मशीनं एका रांगेत नको काय मांडायला? टेबलांकडचे इस्क्रू कोन सोडवत बसनार, म्हनून इकडनंच उपटल्या नि तारांसकट भायेर नेली. झेंडूचे हार घातले, नारळ फोडला, साहेबांनी आरती केलानी. लय ग्वाड दिसत व्हतं."

"परत कोणी लावल्या?"

लवूने महिपतकडे बघितलं. मग आपल्या पायांकडे.

"मीच लावल्या," महिपत म्हणाला. "जेवायची वेळ झाली होती, घाई होती सगळ्यांना. लावल्या नि चालू केलं, सगळ्या पडद्यांवर तेच आलं. मला काय माहीत त्यांचा क्रम असतो?"

ते खरं होतं. सगळे एकाच नावाने शिरत होते, सगळ्यांना एकच पडदा दिसत होता. तारा कुठल्याही भोकात घातल्या तरी काम चालणारच होतं. फक्त दसऱ्यापासून पुढे महिपत जे काही लिहील, त्यापुढे आप्पांची खूण छापून येणार होती, आणि आप्पा लिहितील त्यापुढे महिपतची.

"म्हणजे 'रिकामी' तुम्ही लिहिलंत," मी म्हणाले.

खिशातलं एक पेन काढून त्याने पुन्हा तिथेच लावलं.

तोवर साहेब बाहेर आले होते. मी त्यांना दोन्ही टेबलांवर तो प्रोग्रॅम चालवून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं, कागद बघितला, पुन्हा पडदा बघितला. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"अरेरे," ते म्हणाले. "असं झालं होय." खुर्ची ओढून बसले. "पण ताई, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही हो. मुद्दाम कोणी काही केलेलं नाही."

"मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बैठकीत तुम्ही सगळे होतात. दसऱ्याला तारा काढल्या होत्या, हे एकाने तरी सांगायचं होतं."

"आठवलं नाही बघा. पूजेची गोष्ट, तिचा ह्याच्याशी काय संबंध, कोणाच्या डोक्यात येणार?" त्यांनी चष्मा पुसला. "आणि खरं सांगू का, सकपाळ स्वतः पूजेला असते ना, तर त्यांनाही माहीत असतं. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण ते दसऱ्याला कधी येत नसत. तुमचं ते असतं ना त्या दिवशी."

"वंदना," मी म्हणाले.

"हां, ते. आमचं काही म्हणणं नव्हतं हो. कधी हरकत घेतली नाही आम्ही."

त्या दिवशी सकाळी आप्पा विहारात होते. मी रजा घेऊन आले होते, म्हणून मला माहीत आहे. धुतलेला पांढरा शर्ट, लहान मुलांना रांगेत बसवणं, वारा होता म्हणून मेणबत्तीला हाताचा आडोसा. त्याच सुमाराला इथे आरती चालली असेल. खोलीत असलेल्या सगळ्यांना तारा निघाल्याचं माहीत होतं. जो नव्हता, त्याच्याच नावावर ते गेलं. आणि आता तो नव्हता ही त्याचीच चूक होती.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही वाडीत येऊन माझ्या बापाची चूक सांगून गेलात. आता हेही वाडीत येऊन सांगा. आईसमोर."

"मी तर त्यांच्याबद्दल चांगलंच बोललो ना?" त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "आता गेलेल्या माणसाचं ते सगळं परत कशाला उकरायचं? महिपतची पोरं अजून शाळेत आहेत. बैठकीत मी घालीन कानावर. योग्य वेळ बघून घालीन."

"कधी?"

"बघू ना." मग त्यांना काहीतरी करायला सापडलं. "लवू, आत जा नि त्या दोन तारा अदलाबदल कर. आत्ताच्या आत्ता. पुन्हा घोळ नको."

लवू चपला काढून आत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. पडदे क्षणभर गोठले, मग पुन्हा मिचकायला लागले. साहेब म्हणाले, "चालवा बरं तुमचं ते परत."

मी आप्पांच्या खुर्चीत बसले आणि चालवलं. टीटीवाय तीन.

"झालं," साहेब म्हणाले. "आता बरोबर आहे ना? कागदाशी जुळलं."

जुळलं होतं. आता कोणीही येऊन बघितलं असतं, तर त्याला आप्पांच्या टेबलावर आप्पांचीच खूण दिसली असती, आणि कोळंबीच्या त्या नोंदीपुढेही तीच. एक तार इकडची तिकडे केली आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं काही उरलं नाही. महिपत आपल्या टेबलावर परत जाऊन बसला. बाहेर फाटकाशी कोणी बर्फ फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

साहेब खांद्याशी घुटमळले, "चहा घेऊन जा," म्हणाले.

मी कळफलकावर हात ठेवून बसले होते. त्या कळा मधोमध गुळगुळीत झाल्या होत्या. आकड्यांच्या जास्तच. आप्पा प्रत्येक आकडा दाबण्याआधी कागदाकडे एकदा आणि दाबल्यावर पडद्याकडे एकदा बघत. दोन नंबरची खोली आणि तीन नंबरची खोली हा फरक त्यांच्या हातून चुकणार नाही, हे कळायला यंत्र नको होतं, प्रोग्रॅम नको होता, तारा तर नकोच होत्या. एका मुलीला ते गडग्यापाशीही कळत होतं. त्यांनी मला नुसतं विचारलं होतं, तुला काय वाटतं. काय दिसतं, असं विचारलं नव्हतं.

लवू जवळ आला होता. त्याने पडद्याकडे बोट केलं. "ताय, काय लिवलंय त्यात?"

"तारेचं नाव आहे," मी म्हणाले.

मग मी त्या खुर्चीतूनच, महिपतला आणि साहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण त्यांच्याकडे न बघता बोलले.

"आप्पा, बघायची गरज नव्हती. तुम्ही ते केलं नाहीत, हे मला त्या रविवारीच ठाऊक होतं."